आकड्यामागील एकांत : मेरी एल्सबर्ग यांच्या संशोधनकार्याचे परीक्षण

१

एखाद्या समाजात किती स्त्रियांना पतीकडून मारहाण होते, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ मोजणीचा आहे. नमुना निवडावा, प्रश्नावली तयार करावी, घरोघर जाऊन उत्तरे लिहून घ्यावीत आणि अखेरीस शेकडेवारी काढावी, एवढेच त्यात अभिप्रेत आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ज्या विषयासंबंधी बोलल्यामुळेच बोलणारीच्या अंगावर नवा मार येण्याचा संभव असतो, त्या विषयाची मोजणी इतर मोजण्यांसारखी असूच शकत नाही. घरात विहीर आहे की नळ, हे सांगताना गृहिणीला भय वाटण्याचे कारण नसते. पती हात उगारतो की नाही, हे सासू दारात उभी असताना सांगणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करणाऱ्यांस हा भेद सहज उमगेल. पहाटेच्या अंधारात, पुरुषांच्या दृष्टिआड, दळणाऱ्या सोबतिणीच्या साक्षीने जे उच्चारले गेले, ते दिवसा ओसरीवर कधीच उच्चारले गेले नसते. उच्चार कोणत्या परिस्थितीत होतो यावर त्याचा आशय पुष्कळ अंशी अवलंबून असतो, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु संख्याशास्त्राच्या आधारे चालणाऱ्या आरोग्यविषयक संशोधनात ती पुराव्यानिशी सिद्ध करणे आणि त्या सिद्धीतून संशोधनाची एक शिस्त उभी करणे हे कार्य ज्या मोजक्या अभ्यासकांनी केले, त्यांत मेरी एल्सबर्ग यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनकार्याचा सांगोपांग इतिहास देण्याचा हेतू नाही. त्यांच्या कार्याच्या मुळाशी असलेली एक भूमिका तपासून पाहावी, तिचे बळ कशात आहे आणि तिच्या मर्यादा कोठे दिसू लागतात हे ठरवावे, एवढाच मर्यादित उद्देश आहे. ती भूमिका थोडक्यात अशी सांगता येईल: हिंसेच्या संशोधनात माहिती देणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता ही शास्त्राला बाहेरून घातलेली नैतिक मर्यादा नव्हे, आकड्याच्या खरेपणाचीच ती पूर्वअट आहे. मानवी हक्कांचा विचार आणि साथरोगशास्त्राची पद्धती यांची गाठ या एका ठिकाणी पडते. ती कितपत पक्की आहे, हा या परीक्षणाचा विषय होय.

२

या कार्याची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. स्त्रियांवरील घरगुती हिंसा हा खाजगी कलहाचा विषय मानण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हळूहळू मोडत गेली. १९९३ च्या जून महिन्यात व्हिएन्ना येथे भरलेल्या जागतिक मानवी हक्क परिषदेने स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कांचेच अभिन्न अंग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा जाहीरनामा संमत केला. १९९४ मध्ये अमेरिका खंडातील राष्ट्रांनी ब्राझीलमधील बेलेम दो पारा येथे याच विषयावर करार केला, आणि त्याच वर्षी लोरी हाइझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक बँकेसाठी लिहिलेल्या निबंधात या हिंसेकडे आरोग्यावरील प्रच्छन्न भार म्हणून पाहिले गेले. हक्कांची भाषा आणि आरोग्याची भाषा अशा दोन भाषा एकाच विषयासाठी एकाच काळी सिद्ध होत होत्या. दोन्ही भाषांना एका गोष्टीची उणीव मात्र जाणवत होती. समाजातून शास्त्रीय रीतीने निवडलेल्या नमुन्यावर आधारलेली माहिती, विशेषतः दरिद्री देशांतील, फारच थोडी उपलब्ध होती.

एल्सबर्ग या मूळच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील. तथापि त्यांच्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात सार्वजनिक आरोग्याच्या आणि स्त्री-हक्कांच्या कामात गेली. १९७९ ची क्रांती, त्यानंतरचे यादवी युद्ध आणि १९९० मधील सत्तांतर अशा घडामोडींतून तो देश जात असताना तेथील स्त्री-संघटनांनी पक्षांच्या छायेतून बाहेर पडून हिंसाविरोधी स्त्रियांचे एक जाळे उभे केले होते. एल्सबर्ग यांचे संशोधन या चळवळीच्या गरजेतून जन्मास आले. विद्यापीठाच्या अभ्यासिकेत प्रश्न सुचावा आणि त्यासाठी क्षेत्र शोधावे, असा त्याचा क्रम नव्हता. कायदा हवा, तर प्रश्न किती व्यापक आहे हे दाखवणारा आकडा हवा, अशी चळवळीची निकड होती. निकाराग्वातील लिऑन येथील विद्यापीठ आणि स्वीडनमधील उमिओ विद्यापीठ यांच्यातील संशोधन-सहकार्यामुळे तो आकडा शास्त्रीय पद्धतीने मिळवण्याची संधी लाभली.

३

१९९५ साली लिऑन येथे झालेल्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ४८८ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांतील ज्या स्त्रियांचा विवाह झाला होता किंवा ज्या सहचरासोबत राहिल्या होत्या, त्यांच्यापैकी ५२ टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हा तरी पतीची वा सहचराची मारहाण सोसली असल्याचे सांगितले. २१ टक्के स्त्रियांच्या वाट्यास शारीरिक, मानसिक आणि लैंगिक असे तिन्ही प्रकारचे अत्याचार आले होते. मार खाल्लेल्यांपैकी ३१ टक्के स्त्रियांना गरोदरपणीही मारहाण झाली होती. हिंसेचा आरंभ बहुधा सहजीवनाच्या आरंभीच होत असे. निम्म्याहून अधिक पीडित स्त्रियांच्या बाबतीत पहिला आघात पहिल्या दोन वर्षांतच झाला होता.

या निष्कर्षांवर आधारलेला उमिओ विद्यापीठातील प्रबंध २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक 'नरकातील मिठाई' असे आहे. संख्याशास्त्रीय प्रबंधास असे शीर्षक देण्यामागे विशिष्ट दृष्टी आहे. स्वीडनमधील प्रथेप्रमाणे हा प्रबंध स्वतंत्र शोधनिबंधांचा संग्रह आहे, आणि त्यात कोष्टके व आत्मकथने शेजारी शेजारी उभी आहेत. दुःखाच्या दीर्घ काळात मध्येच मिळणारी माया, समेटाचे चार दिवस, मुलांसाठी आणलेला खाऊ, यांमुळे स्त्री त्या संबंधात कशी गुंतून राहते, हे नुसत्या शेकडेवारीवरून कळत नाही. उलट एका स्त्रीची कहाणी कितीही हृदयस्पर्शी असली, तरी ती अपवाद म्हणून बाजूला सारता येते. शीर्षकातील दोन विजोड शब्द एकत्र आणून लेखिकेने या दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची परस्परावलंबी गरज सूचित केली आहे.

या प्रबंधातील अधिक विचारप्रवर्तक भाग कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखकाच्या मते तो ५२ टक्क्यांचा प्रसिद्ध आकडा नव्हे. पीडित स्त्रिया हिंसेला कसे उत्तर देतात याविषयीचा निबंध, जो २००१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला, तो विशेष मोलाचा आहे. मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी ६६ टक्के स्त्रियांनी शब्दाने किंवा प्रत्यक्ष प्रतिकाराने स्वतःचा बचाव केला होता. ४१ टक्के स्त्रिया काही काळापुरते घर सोडून गेल्या होत्या. घराबाहेर मदत मागणाऱ्या मात्र २० टक्केच होत्या. आणि अखेर सुमारे ७० टक्के स्त्रिया त्या संबंधातून बाहेर पडल्या होत्या. हे आकडे एकत्र वाचले असता पीडितेचे रूढ चित्र पुसले जाते. ती निमूट सोसत राहते, असे समजणाऱ्यांना ६६ आणि ७० हे आकडे उत्तर देतात. तिला मदत हवी असती तर तिने मागितली असती, असे म्हणणाऱ्यांना २० हा आकडा उत्तर देतो. प्रतिकार होता, सुटकाही होती. परंतु दोहोंच्या मध्ये जी संस्थात्मक वाट असावयास हवी, ती नव्हती. दवाखाना, पोलीस, न्यायालय यांच्या दारापर्यंत बहुतेक स्त्रिया पोहोचल्याच नाहीत. अत्याचार सोसणारी स्त्री ही कर्तृत्वहीन नसते, हा चळवळीचा अनुभव येथे शास्त्राच्या भाषेत मांडला गेला.

४

या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा निबंध मात्र २००१ सालचाच दुसरा एक आहे. लोरी हाइझ, रोडॉल्फो पेन्या, सोनिया अगुर्तो आणि आना विंक्विस्त यांच्यासह लिहिलेल्या या निबंधात निकाराग्वातील तीन पाहण्यांची तुलना केली आहे. लिऑनच्या पाहणीत शारीरिक हिंसेचे आजन्म प्रमाण ५२ टक्के आढळले होते. मनाग्वा या राजधानीतील पाहणीत ते ६९ टक्के होते. राष्ट्रव्यापी लोकसंख्या व आरोग्य पाहणीत मात्र ते केवळ २८ टक्के भरले. देश एक, कालखंड जवळपास एक, विषयही एकच. असे असता एका पाहणीतील आकडा दुसरीच्या निम्म्याहूनही कमी कसा यावा?

सामान्यतः अशा प्रसंगी नमुन्याच्या भेदाकडे बोट दाखवून प्रकरण मिटवले जाते. दोन पाहण्या प्रादेशिक, तिसरी राष्ट्रव्यापी, तेव्हा अंतर पडणारच, असे म्हणणे सोपे होते. लेखकांनी तसे केले नाही. तिन्ही पाहण्यांची माहिती एकत्र करून संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. शिवाय तिन्ही पाहण्यांत काम केलेल्या क्षेत्र-कार्यकर्त्यांच्या सहा गटचर्चा घेतल्या. निष्कर्ष असा निघाला, की या तीन पाहण्यांतील महत्त्वाचे भेद नैतिक दक्षता, सुरक्षिततेचे उपाय आणि मुलाखतीचे वातावरण यांसंबंधीचे होते. हिंसेचे प्रमाण पद्धतीतील फरकांना अत्यंत संवेदनशील असते, आणि न सांगितलेली हिंसा हा या क्षेत्रातील आकड्यांच्या खरेपणास मोठा धोका आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या निष्कर्षाचे तात्त्विक महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे म्हणावे लागेल. विज्ञानाच्या प्रचलित कल्पनेनुसार संशोधक जितका तटस्थ, जितका दूरस्थ, तितके त्याचे ज्ञान निर्मळ. नीतिनियम हे त्या ज्ञानाच्या वाटेवरचे निर्बंध. ते पाळावेत, पण त्यांची किंमत ज्ञानाने चुकती करावी, असा समज असतो. निकाराग्वातील तुलनेने हा क्रम फिरवून टाकला. जेथे मुलाखत घेणारीला चांगले प्रशिक्षण होते, जेथे एकांताची खात्री केली होती, जेथे बोलणारीच्या जिवाचा विचार आधी झाला होता, तेथे अधिक हिंसा उघड झाली. अनास्थेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कमी प्रामाणिक मिळाले, आणि असे कमी आलेले आकडे सरकारी अहवालात छापले गेले की तेच वास्तव म्हणून मान्य होतात. येथे अनीती आणि अशास्त्रीयता यांत अंतर उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या संशोधनासाठी जी नैतिक व सुरक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, आणि एल्सबर्ग व हाइझ यांनी २००५ साली संशोधक व कार्यकर्ते यांच्यासाठी जी पद्धतिविषयक पुस्तिका सिद्ध केली, त्यांच्यामागे हाच अनुभव उभा आहे. एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत घ्यावी. पाहणीचा परिचय गावात 'स्त्रियांचे आरोग्य आणि जीवनानुभव' अशा सुरक्षित नावाने करून द्यावा. कोणी मध्येच आले तर बोलण्याचा विषय बदलावा. गरज पडल्यास मदत कोठे मिळेल याची माहिती हाताशी असावी. मुलाखत घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मनावरील ताणाचीही दखल घ्यावी. असे हे नियम वाचताना साधे वाटतात. त्या प्रत्येक नियमामागे कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या साधेपणाचा अर्थ कळतो.

या नियमांवर उभारलेला मोठा प्रयोग म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने क्लाउदिया गार्सिया-मोरेनो यांच्या नेतृत्वाखाली केलेला बहुराष्ट्रीय अभ्यास. एल्सबर्ग त्याच्या प्रमुख संशोधकगटात होत्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बांगलादेश, पेरू, इथिओपिया, जपान आदी दहा देशांतील २४,००० हून अधिक स्त्रियांच्या मुलाखती होत्या. सहचराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण स्थळपरत्वे १५ ते ७१ टक्के आढळले. या विस्ताराचा अर्थ दुहेरी आहे. हिंसा सर्वत्र आहे, म्हणून ती कोणा एका 'मागास' संस्कृतीचे लक्षण नव्हे. आणि ती सर्वत्र सारखी नाही, म्हणून ती अटळही नव्हे.

५

येथवर या भूमिकेचे बळ पाहिले. आता तिच्या मर्यादांकडे वळले पाहिजे.

पहिली मर्यादा आरोग्याच्या भाषेतच दडलेली आहे. लिऑनमधील संशोधनगटाने हिंसेचे शारीरिक परिणाम विलक्षण काटेकोरपणे दाखवून दिले. २००२ सालच्या एका निबंधात, कमी वजनाच्या बालकांच्या मातांपैकी २२ टक्के मातांना गरोदरपणी मारहाण झाल्याचे, तर तुलनेसाठी घेतलेल्या मातांत ते प्रमाण ५ टक्के असल्याचे आढळले. २००३ सालच्या दुसऱ्या निबंधात, शारीरिक आणि लैंगिक अशी दोन्ही हिंसा सोसलेल्या मातांच्या मुलांना पाच वर्षांच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे सहापट असल्याचे दिसले. आरोग्यमंत्र्यांस आणि डॉक्टरांस हे आकडे हलवून सोडणारे आहेत, यात संशय नाही. परंतु युक्तिवादाची दिशा पाहावी. बालकाचे वजन घटते म्हणून मातेस मारू नये, असे म्हटले की मातेच्या देहाचे मोल बालकाच्या वजनाच्या द्वारे ठरू लागते. ज्या स्त्रीला मूल नाही, जिच्या अंगावर वळ उमटला नाही, जी अत्याचारानंतरही निरोगी राहिली, तिच्यावरील अन्यायाचे काय? हक्काचा भंग हा परिणामावर अवलंबून नसतो. रोगकारणांच्या यादीत हिंसेला बसवले की ती मोजता येते, तिच्यासाठी निधी मागता येतो. त्याच वेळी अन्यायाचे रूपांतर अपायात होते, आणि अपराध्याच्या जागी 'जोखमीचा घटक' हा निर्विकार शब्द येतो.

एल्सबर्ग यांना हा धोका अज्ञात होता असे दिसत नाही. त्यांच्या कार्यात हक्कांची भाषा सतत उपस्थित आहे. तथापि ती बहुधा प्रस्तावनेत आणि समारोपात येते. मधल्या कोष्टकांची भाषा अपायाचीच राहते. या दोन भाषांचा खरा संगम त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या संशोधनाच्या उपयोगात घडला, असे मला वाटते. १९९६ साली निकाराग्वाच्या संसदेने घरगुती हिंसाविरोधी कायदा क्रमांक २३० एकमताने संमत केला. लिऑनचा आकडा स्त्री-संघटनांनी त्या मोहिमेत पुढे आणला होता. या कायद्याने अंगावर खूण न उमटवणाऱ्या मानसिक इजेलाही मान्यता दिली, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे. प्रबंधाने अपाय मोजला. चळवळीने तो हक्काच्या भाषेत संसदेपुढे नेला.

दुसरा प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा आहे. लिऑनमधील घरोघरी ज्यांनी एकांत निर्माण केला त्या तेथील कार्यकर्त्या होत्या. ज्यांनी तोंड उघडले त्या तेथील स्त्रिया होत्या. त्या ज्ञानाच्या बळावर संशोधिकेचा पुढील प्रवास 'पाथ' आणि 'इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन' या आंतरराष्ट्रीय संस्थांतून होत २०१२ साली वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात स्थापन झालेल्या जागतिक महिला संस्थेच्या संस्थापक-संचालकपदापर्यंत पोहोचला. निकाराग्वातील सहकाऱ्यांची नावे निबंधांवर सहलेखक म्हणून आहेत, आणि या क्षेत्रातील प्रथा पाहता ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु प्रश्न व्यक्तीच्या औदार्याचा नसून रचनेचा आहे. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकासाठी २०१४ साली एल्सबर्ग यांच्याच नेतृत्वाखाली लिहिलेल्या आढाव्यात असे दिसून आले, की हिंसाप्रतिबंधक उपायांच्या परिणामकारकतेविषयीचा पुरावा मुख्यतः श्रीमंत देशांतून आलेला आहे. हिंसेचे दुःख जगभर सारखे पसरलेले असताना तिच्या उपायांचे ज्ञान मूठभर देशांत साठलेले असावे, ही विषमता त्यांनी स्वतःच नोंदवली.

६

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, आणि म्हणून सर्वांत उद्बोधक आहे. २०१६ साली लिऑन येथे पुन्हा पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. या तुलनेसाठी केलेल्या गणनेत शारीरिक हिंसेचे आजन्म प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ५५ टक्के होते, ते सुमारे २८ टक्क्यांवर आले. आणि गेल्या बारा महिन्यांतील हिंसेचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर उतरले. दोन दशकांतील कायदे, १९९३ पासून सुरू झालेली स्त्रियांसाठीची पोलीस ठाणी आणि स्त्री-संघटनांचे अथक कार्य यांचे हे फळ असावे, असा लेखकांचा अभिप्राय आहे.

सावध वाचकास येथे थबकावे लागते. ज्या संशोधिकेने आकडा हा बोलण्याच्या परिस्थितीचा परिणाम असतो हे शिकवले, तिच्याच आकड्याला ही कसोटी लावली पाहिजे. घट हिंसेची झाली, की बोलण्याची? २०१६ च्या निकाराग्वात स्त्री-चळवळीवरील राजकीय दडपण वाढलेले होते. २०१२ च्या कायदा क्रमांक ७७९ मध्ये नाकारलेली मध्यस्थी २०१३ च्या दुरुस्तीने परत आली होती, आणि स्त्रियांची पोलीस ठाणी २०१६ च्या सुमारास बंद करण्यात आली. अशा काळात मौन वाढले असण्याची शंका निराधार म्हणता येणार नाही.

तरीही आकड्यांच्या अंतर्गत रचनेकडे पाहिले असता ही शंका काहीशी दुबळी होते. आजन्म प्रमाण निम्म्यावर आले, तर चालू वर्षाचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली गेले. हिंसा खरोखर कमी होत असेल तर असेच व्हावयास हवे. कारण जुन्या पिढीच्या आठवणीतील मार आजन्म प्रमाणात शिल्लक राहतो, चालू प्रमाणात राहत नाही. केवळ मौन वाढले असते, तर दोन्ही आकडे साधारण सारख्याच गतीने घसरले असते असे मानण्यास जागा आहे. एक कसोटी आणखी लावता येते. १९९५ मध्ये ज्या स्त्रिया १५ ते २८ वयाच्या होत्या, त्या २०१६ मध्ये ३६ ते ४९ वयाच्या झाल्या. तरुणपणी सोसलेला मार वय वाढल्याने नाहीसा होत नाही; म्हणून या पिढीच्या आजन्म प्रमाणात घट दिसली, तर ती विस्मृतीची वा मौनाची खूण समजावी लागेल. अशा प्रकारची पिढीनिहाय छाननी हे या विषयातील पुढील अभ्यासकांचे काम आहे. आणि घट खरी मानली, तरी तिचे कारण कोणते, हे एकाच नगरातील दोन पाहण्यांवरून निर्णायकपणे ठरवता येणार नाही. शिक्षण, नागरीकरण, कुटुंबाचा बदलता आकार यांचाही त्यात वाटा असू शकेल. संघटित प्रयत्नांमुळे हिंसा घटली हे विधान संभाव्य आहे, आशादायक आहे. ते सिद्ध झाले आहे असे म्हणवत नाही.

या ठिकाणी इतिहासाने एक कटू टीप जोडली आहे. २०१८ च्या जनआंदोलनानंतर निकाराग्वात हजारो स्वयंसेवी संस्थांची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. त्यांत स्त्रियांच्या संस्थाही होत्या. ज्या एकांताच्या आधारे १९९५ मध्ये ४८८ स्त्रियांशी संवाद झाला, तो एकांत नुसत्या बंद दाराने निर्माण होत नाही. बोलणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी एखादी संघटना, एखादे कार्यालय, एखादा कायदा उभा असावा लागतो. तो आधार नाहीसा झाला की हिंसा वाढली की घटली, हे सांगण्याची शक्यताच संपते. सुरक्षिततेचा प्रश्न मुलाखतीच्या खोलीपुरता नसून नागरी स्वातंत्र्याचा आहे, हे एल्सबर्ग यांच्या पद्धतिविचाराचे अपरिहार्य पर्यवसान होय. त्यांच्या लेखनात ते पुरेसे स्पष्ट शब्दांत मांडलेले आढळत नाही.

युद्धग्रस्त दक्षिण सूदानमध्ये त्यांच्या संस्थेने 'इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी'च्या साहाय्याने केलेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र या दिशेने एक पाऊल पुढे जातो. पाहणी झालेल्या प्रदेशांत ६५ टक्क्यांपर्यंत स्त्रियांनी आयुष्यात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. आणि युद्धातील सशस्त्र टोळ्यांच्या अत्याचारांकडे जगाचे लक्ष असताना सर्वाधिक आढळणारी हिंसा पती वा सहचराचीच होती. रणांगण आणि घर यांच्यातील सीमारेषा स्त्रीच्या दृष्टीने किती पुसट असते, हे या अभ्यासाने दाखवले.

७

या चर्चेचा आपल्याकडील संशोधनाशी असलेला संबंध दूरान्वयाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे समन्वयन मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. १९९८-९९ च्या दुसऱ्या पाहणीत पतीकडून मारहाण झाल्याचे १९ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले होते. २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत ते प्रमाण ३५ टक्के आले. सात वर्षांत भारतीय पती एवढे अधिक हिंसक झाले असे कोणी म्हणणार नाही. दरम्यान प्रश्न बदलला होता. मारहाणीविषयीच्या एका सर्वसाधारण प्रश्नाऐवजी थप्पड मारणे, ढकलणे, हात पिरगाळणे, लाथ मारणे अशा एकेका कृतीविषयी स्वतंत्रपणे विचारले गेले. घरातील एकाच स्त्रीची निवड करण्याचा आणि एकांत नसेल तर हा भाग वगळण्याचा दंडक घालण्यात आला. निकाराग्वातील तीन पाहण्यांनी शिकवलेला धडाच येथे आपल्या आकड्यांत वाचावयास मिळतो.

तसेच मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधनसंस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केलेले 'दिलासा' केंद्र या संदर्भात आठवणे उचित होईल. रुग्णालयातच समुपदेशनाची सोय झाल्यामुळे स्त्रीला तेथे जाण्यास घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही. निकाराग्वातील स्त्रियांपैकी केवळ २० टक्क्यांनी घराबाहेर मदत मागितली होती. प्रतिकार आणि सुटका यांच्यामधील तो रिकामा टप्पा भरून काढण्याचा हा एक प्रयत्न होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या परीक्षणातून एक सूचना करावीशी वाटते. स्त्रियांवरील हिंसेचा कोणताही आकडा समोर आला, तर तो मोठा की लहान हे ठरवण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. प्रश्न कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, त्या वेळी खोलीत कोण होते, आणि मुलाखत घेणारी निघून गेल्यावर त्या स्त्रीच्या पाठीशी कोण उभे राहणार होते? या प्रश्नांची उत्तरे अहवालाच्या परिशिष्टात, बारीक अक्षरांत, कधी कधी सापडतात. कित्येकदा सापडतच नाहीत. एल्सबर्ग यांच्या संशोधनात ती परिशिष्टातून मुख्य मजकुरात आली. त्यांच्या निष्कर्षांपैकी काहींविषयी वर मतभेद नोंदवला आहे. परंतु तो नोंदवता आला तोही त्यांनीच घालून दिलेल्या कसोटीच्या आधारे, हे मान्य करणे न्याय्य ठरेल.